बोर्ड धुताना घाई नको
जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट चालणारा उपकरणातला सर्किट बोर्ड पावसाळ्यातील दमट हवेत चुकीचे आकडे दाखवू लागला, तर भाऊ, आधी सोल्डरिंगच्या फ्लक्सवर, म्हणजे सांधा नीट जुळावा म्हणून लावलेल्या रसायनावर, संशय घ्यावा. कारण त्याचे राहिलेले क्षार ओल धरतात आणि शेजारच्या दोन ट्रॅकांमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटांमध्ये) विजेची गळती सुरू होते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ, अँटिस्टॅटिक (स्थिर वीज न साठवणारा) ब्रश घ्यावा, पण नुसते घासून थांबू नये, कारण अल्कोहोल उडून गेले की विरघळलेला फ्लक्स पातळ पांढरट थर होऊन पुन्हा तिथेच बसतो. म्हणून बोर्ड तिरका धरून ताज्या अल्कोहोलने वरून खाली धुवावा. मला सर्वांत धोक्याची वाटते ती आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पोटाखालची फट. तिथे ब्रश पोहोचतच नाही. रुग्णाच्या मॉनिटरसारख्या उपकरणात नळाचे पाणी मुळीच वापरू नये. अल्कोहोल पेट घेते, म्हणून गरम सोल्डरिंग आयर्न मात्र आधी दूर ठेवावे.