आधी तिच्या खोलीत जा

*मावशी, मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात पीजीत राहून सायकॉलॉजी घेऊन बी.ए. करते, शेवटचं वर्ष आहे. बाबा म्हणतात बी.एड. कर, गावाकडच्या शाळेत कुठंतरी चिकटशील. पुण्याचे दाजी म्हणतात एमबीए कर, एचआरमध्ये लावतो. मला कौन्सेलिंगच आवडतं. रात्री जेवणं झाली की पीजीतल्या मुली माझ्याच खोलीत येतात. इन्स्टावर मी ‘सायकॉलॉजिस्ट’ असंच लिहिलंय. एकीनं तर परवा मरायच्या गोष्टी केल्या, पण मी समजावलं, आता ती ठीक आहे. कुणाला सांगणार नाही असं वचन दिलंय तिला. तर एम.ए. करू, बी.एड. करू की एचआर? सगळे आपापलं रेटतात, माझं कुणी ऐकतच नाही.*
*– गोंधळलेली*

अगं, बाबांवर आणि दाजींवर तू भरभरून लिहिलंस आणि त्या मुलीला एक ओळ दिलीस. मी त्याच ओळीवर अडकले. पत्र वाचलं त्याच दिवशी तुला निरोप पाठवला, कारण असल्या गोष्टीत छापून यायची वाट बघत बसायचं नसतं. तुझं उत्तर आलेलं नाही. म्हणून इथंही लिहिते, आणि तुझ्यासारख्या आणखी कुणाच्या खोलीत अशी मुलगी येत असेल तर तिनंही वाचावं.

‘आता ती ठीक आहे’ हे तुला कुणी सांगितलं? तिनंच ना? रडून झालं की माणूस घटकाभर हलकं होतं. समोरचीला वाईट वाटू नये म्हणून हसतंही. तू तिला विचारलंस काय? मरायचं म्हणजे मनात नेमकं काय चाललंय, असं आधी कधी वाटलं होतं का, काही ठरवून ठेवलंय का, घरी कुणाला माहीत आहे का, यातलं काही विचारलंस? की ‘असं बोलू नये ग, आईबाबांचा विचार कर’ म्हणालीस, आणि ती गप्प झाली? तू ‘समजावलं’ लिहितेस म्हणून मला यातली दुसरी गोष्टच झाली असावी असं वाटतं. सरळ विचारलं तर नसतं तिच्या डोक्यात भरेल अशी भीती बहुतेकांना असते. ती भीती खोटी आहे. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. उलट आतल्या आत धरून ठेवलेलं बोलायला तिला वाट मिळते.

आणि ते वचन मोड. आजच मोड. या व्यवसायात गुप्ततेला फार मान आहे, पण जिवाला धोका दिसला की ती तिथं संपते. शिकलेला समुपदेशक हे पहिल्या भेटीतच समोरच्याला सांगून ठेवतो. तू सांगितलं नाहीस, कारण तुला ते कुणी शिकवलेलंच नव्हतं.

तेव्हा आज रात्री तिच्या खोलीत जा. तिला सांग की हे माझ्या एकटीच्या आवाक्यातलं नाही, मी कुणाला तरी सांगणार आहे आणि तुला सोडून जाणार नाही. घरातलं कुणावर तिचा भरवसा आहे ते विचार. मावशी असेल, मोठा भाऊ असेल, त्यांना तिच्यासमोर फोन लाव. रात्रीच काही वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि त्या सेवेत मराठीही आहे. तिनं काही ठरवलंय असं कळलं तर तिला क्षणभर एकटी सोडू नकोस, सरळ सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत ने. नाहीतर सकाळी तिच्यासोबत सिव्हिलला जा, मानसोपचाराच्या ओपीडीचा केसपेपर काढ आणि तिचा नंबर येईपर्यंत बाकावर तिच्या शेजारी बस. आत ती बोलेल. तुझं काम तिला दारापर्यंत पोचवायचं.

ती रागावेल. रागावू दे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. इन्स्टावरचा ‘सायकॉलॉजिस्ट’ आधी काढून टाक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यात नोंदणी नसताना हे काम करणाऱ्याला कैदेपर्यंतची शिक्षा आहे. पण मी शिक्षेसाठी सांगत नाहीये. तो शब्द वाचून ती मुलगी डॉक्टरकडे न जाता तुझ्याकडे आली असेल, मला त्याची काळजी आहे.

दाजींचं एचआर वाईट नाही, पगार लवकर सुरू होतो. बाबांचं बी.एड.ही वाईट नाही. पण अख्ख्या पत्रात या दोन्हींबद्दल तुझं स्वतःचं एक चांगलं वाक्य नाही. तेव्हा त्यांचा विषय इथंच संपला.

तू एम.ए. कर, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा फॉर्म भर. पण एम.ए.वर थांबू नकोस. निदान ५५ टक्के तरी ठेव, कारण पुढं क्लिनिकलच्या प्रवेशाला तेवढे लागतात. त्यानंतर आरसीआयच्या मान्यतेचं दोन वर्षांचं प्रशिक्षण. मानसिक आरोग्याच्या संस्था म्हणशील तर बेंगळुरूला निम्हान्स आहे, आणि तुझ्या हाताशी धारवाडचं डिमहान्स. आजवर ही पदवी एम.फिल. होती. यूजीसीने २०२२ च्या नियमांत एम.फिल. बंद केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. म्हणून फॉर्म भरताना अभ्यासक्रमाचं नाव बघू नकोस, त्या वर्षीच्या आरसीआयच्या मान्य यादीत तो आहे का ते बघ. जागा थोड्या असतात, प्रवेश परीक्षा असते, एका फटक्यात होईलच असं नाही.

एवढं कशाला, तर तिथं तुला वॉर्डात उभं करतात. रुग्णाशी तासभर बोलून तू केस हिस्टरी लिहून नेतेस आणि वरचे तुला विचारतात, झोपेचं का विचारलं नाहीस, घरात आधी कुणी जीव दिला होता का हे कुठं लिहिलंय, नातेवाईक म्हणतात त्यावर तू विश्वास का ठेवलास? परत जा, परत विचारून ये. असं पुन्हा पुन्हा होतं. पीजीच्या खोलीत तुला हे विचारणारं कुणी नाही, म्हणून परवा तू त्या मुलीला ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिलंस.

आणखी एक. कन्नड पक्कं कर, नुसतं बाजारापुरतं नको, लिहिण्यावाचण्याचंही. १९५६ पासून आपल्या माणसांनी मराठीसाठी काय सोसलं ते मला माहीत आहे, मी तसल्याच घरातली आहे. तरी सांगते. धारवाडच्या वॉर्डात समोर बसणारी बाई बहुतेक कन्नडमध्येच रडेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा असते, आणि कर्नाटकात सरकारी नोकरी म्हटलं की कन्नड आलंच. आणि खानापूर-निपाणीकडची एखादी आजी तिथं आली, तिला मराठीशिवाय काही येत नसलं, तर तिच्यासमोरही दोन्ही भाषा येणारीच कुणीतरी हवी. ती तू होऊ शकतेस. मुली आपणहून तुझ्या खोलीत येतात, हे भांडवल खरं आहे, त्याबद्दल मला शंका नाही. दाजींच्या ओळखीनं ते मिळत नाही.

बाबांना सांगताना ‘कौन्सेलिंग आवडतं’ एवढ्यावर भागणार नाही. दोन अधिक दोन वर्षं, कुठं, किती फी, पुढं कुठली नोकरी, हे कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव. माझं कुणी ऐकत नाही म्हणतेस. त्या मुलीचं ऐकणारी तर तू एकटीच होतीस, आणि तूही अर्धंच ऐकलंस.

तिला सिव्हिलला नेलंस की मला कळव, रात्री बारा वाजले असले तरी चालेल. फॉर्मचं आपण त्यानंतर बोलू.