शस्त्रक्रियेपूर्वी बीट-खजुराने हिमोग्लोबिन वाढेल का?

तुमच्या आईंचे हिमोग्लोबिन ७.८ आहे, महिन्याभराने गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आहे आणि तोवर बीट-खजूर पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. पुरणार नाही. १०० ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमहूनही कमी लोह असते आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते.

माझ्या आईचे हिमोग्लोबिन गर्भाशयातल्या गाठींमुळे होणाऱ्या अतिरक्तस्रावाने ७.४ वर आले होते. आम्ही परभणी जिल्ह्यातले. मृग तोंडावर आलेला, त्यामुळे पेरणीपूर्वी दोन पिशव्या रक्त चढवून शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असा थोरल्या बंधूंचा आग्रह होता आणि गावाजवळचे डॉक्टरही त्याला तयार होते. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढते, पण रक्त का कमी झाले हा प्रश्न तसाच राहतो, हे मला पटवून देता आले नाही. मी आईला नांदेडला नेले. तेथील भूलतज्ज्ञांनी तारीख पुढे ढकलायला लावली. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन केवळ ६, म्हणजे फारच कमी, निघाले. रक्तस्राव थांबवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या, शिरेतून एक हजार मिलिग्रॅम लोह दिले गेले आणि पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झाले. शस्त्रक्रियेत रक्ताची एकही पिशवी लागली नाही. पेरणी उशिरा झाली, हे बंधू अजूनही ऐकवतात. आईच्या जिवापुढे आठ दिवसांची पेरणी मोठी नव्हती, हे माझे मत आजही कायम आहे.

तुम्ही याच आठवड्यात फेरिटिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. लोहाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून महिनाच हाती असेल तर शिरेतून लोह देता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोळी चहा किंवा दुधासोबत देऊ नका. लिंबूपाण्यासोबत दिलेली बरी. शौचाला काळे होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नये.

मात्र थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक रक्ताच्या आजारात लोह मनाने देणे घातक ठरू शकते, आणि शिरेतले लोह रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यायचे असते. कर्करोगाची शंका असेल, रक्तस्राव आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर थांबण्यात धोका आहे. तेथे रक्त चढवणेच योग्य ठरू शकते आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. घरात कोणी तारखेसाठी अडून बसले असेल, तर त्यांना भूलतज्ज्ञांसमोर सोबत घेऊन जा. मी बंधूंना नेले नाही, म्हणून तो वाद सहा वर्षे मिटलेला नाही.