वाचकांचे प्रश्न : गोळीने ग्रंथी आळशी होते का?

प्रश्न : माझं वय 43. सतत थकवा आणि थंडी सहन होत नाही म्हणून रक्त तपासलं. टीएसएच 14.2 आलं, पुढे ‘हाय’ असं ठळक छापलंय. डॉक्टर मात्र म्हणतात, थायरॉईड कमी काम करतेय. मग जास्त की कमी? गोळी सुरू केल्यावर तीन आठवड्यांनी मी आपणहून पुन्हा तपासलं, तर आकडा थोडाच उतरलाय. नणंद म्हणते, रोज आयती गोळी मिळाली की ग्रंथी आळशी होते, सोडून दे. सासऱ्यांना आमवातासाठी चार महिने स्टेरॉईड चालू आहे. त्यांची गोळी मात्र डॉक्टर एकदम थांबवू देत नाहीत. खरं काय?

उत्तर : ताई, गोळी सोडू नका, हे आधी सांगते. तुमच्या नणंदेची शंका थायरॉईडला लागू नाही, पण सासऱ्यांच्या गोळीला तंतोतंत लागू आहे.

टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही. ते तयार करते पिट्यूटरी. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली ही ग्रंथी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची. रक्तात थायरॉईडचं हार्मोन किती आहे हे ती सतत जोखत असते. ते कमी पडलं की टीएसएच वाढवते. हाकेला कुणी ओ दिली नाही की आपण आवाज चढवतो, तसंच. तुमचा 14.2 हा चढलेला आवाज आहे, ओ क्षीण झाली म्हणून. हा आवाज चढतोही भराभर: टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं मुख्य हार्मोन, जरासं घसरलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढतं. म्हणून आम्ही आधी तेच तपासतो. रिपोर्टवर ‘हाय’ छापताना हा आकडा कुठल्या ग्रंथीचा, हे एका ओळीत लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं. निम्मी घबराट तिथेच थांबेल.

आता तीन आठवड्यांची तपासणी. तुमच्या गोळीतलं टी-फोर रक्तातून निम्मं कमी व्हायला साधारण 7 दिवस लागतात. रोजच्या गोळीने पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि पिट्यूटरी त्यानंतरच पूर्ण शांत होते. 6 ते 8 आठवड्यांआधीचा आकडा अर्धवट असतो. त्यावरून डोस वाढवला, तर पुढे छातीत धडधड आणि हाडांची झीज पदरात पडू शकते.

आळशीपणाचं म्हणाल, तर या वयात थायरॉईड मंदावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने तिच्यावर केलेला हल्ला. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी 1912 मध्ये त्याचं वर्णन केलं. गळा तपासताना मी पेशंटच्या मागे उभी राहते आणि पाण्याचा घोट गिळायला सांगते. घोटाबरोबर ग्रंथी बोटांखाली वर सरकते, आणि या आजारात ती बऱ्याचदा घट्ट, खडबडीत लागते. हे नुकसान गोळीच्या आधीपासूनचं. योग्य डोसवर टीएसएच शून्यावर जात नाही, नेहमीच्या मर्यादेत येतं. म्हणजे ग्रंथीचा जो भाग धड आहे, त्याला कामाचा हुकूम मिळतच राहतो.

सासऱ्यांचं वेगळं. मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात, पहाटे-सकाळी सर्वांत जास्त, मध्यरात्री सर्वांत कमी. त्यांनाही हुकूम पिट्यूटरीचाच. पण आजार आटोक्यात आणायला दिलेलं स्टेरॉईड हे कॉर्टिसॉलसारखंच काम करतं, आणि त्याचा डोस बहुधा शरीराच्या रोजच्या गरजेपेक्षा जास्त असतो. पिट्यूटरीला वाटतं, भरपूर आहे, आणि ती हुकूमच थांबवते. असं महिनोन्‌महिने चाललं की ॲड्रिनल चक्क आक्रसतात. गोळी अचानक तोडली तर बाहेरचं बंद आणि आतलं अजून सुरू नाही, अशी अवस्था होते: उलट्या, रक्तदाब घसरणं, गळून जाणं, प्रसंगी जिवावर बेतणं. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. ग्रंथी पूर्ववत व्हायला कधीकधी कित्येक महिने लागतात. तोवर त्यांना जोराचा ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर ‘हे स्टेरॉईडवर आहेत’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. डोस तेवढ्यापुरता वाढवावा लागतो.

जाता जाता, तुमच्या घरातल्या दोन्ही गोळ्यांच्या इतिहासात एकच नाव आहे. एडवर्ड केंडल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने डिसेंबर 1914 मध्ये थायरॉक्सिन, म्हणजेच तुमच्या गोळीतलं टी-फोर, शुद्ध स्वरूपात वेगळं केलं आणि पुढे ॲड्रिनलच्या हार्मोन्सवर काम केलं. 1948 मध्ये त्यातलं कॉर्टिसोन आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं. 1950 चं नोबेल त्याला हेंच आणि राइखश्टाइन यांच्यासोबत मिळालं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

तुमची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या, आणि नंतर अर्धा-एक तास काही खाऊ नका. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर मध्ये 4 तास जाऊ द्या, नाहीतर थायरॉईडची गोळी पुरती शोषली जात नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी किमान दोन दिवस थांबवा, त्याने आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि तपासणीच्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.