हॅम (हौशी) रेडिओचे टॉवर आणि अँटेना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तीन-तीन मीटरच्या पाच तुकड्यांचा, १५ मीटर उंचीचा जाळीचा टॉवर उभारायचा आहे. जागा कमी आहे. ताणाच्या तारा (टॉवर सरळ धरणाऱ्या तिरक्या तारा) टॉवरपासून साडेचार मीटरवर रोवल्या तर चालेल का? आणि त्या किती ताणायच्या?

उत्तर: साडेचार मीटर फारच जवळ होतात. हिशेब करून पाहा. तार १४ मीटर उंचीवर बांधली आहे आणि वाऱ्याने तिथे १०० किलोचा आडवा जोर लावला, असे धरू. तार १२ मीटरवर रोवली असेल तर तिच्यावर सुमारे १५५ किलो ओढ येते, ९ मीटरवर १८५ आणि साडेचार मीटरवर तब्बल ३२७. तीच ओढ टॉवरला खालीही दाबते. १२ मीटरवर हा दाब ११७ किलो असतो, साडेचार मीटरवर ३११. तार टिकली तरी टॉवर मध्येच पोट काढून वाकायची भीती असते ती यामुळे.

टॉवरच्या उंचीच्या ८० टक्के अंतर उत्तम, ६० टक्के ही खालची मर्यादा. म्हणजे तुमच्यासाठी १२ मीटर, अगदीच अडचण असेल तर ९. तेवढी जागा नसेल तर टॉवरचे दोन तुकडे कमी करा, पण ९ मीटरलाही किमान ५.४ मीटर अंतर लागेल. ९ मीटरचा नीट ताणलेला टॉवर १५ मीटरच्या धोकादायक टॉवरपेक्षा केव्हाही बरा. तारा तीन दिशांना, १२० अंशांवर, आणि या उंचीला दोन पातळ्यांवर लागतात: एक साधारण मध्यावर, दुसरी माथ्याच्या थोडी खाली. उत्पादकाच्या आराखड्यात वेगळे दिले असेल तर आराखडाच पाळा.

सुरुवातीचा ताण तारेच्या तुटण्याच्या क्षमतेच्या १० टक्के ठेवतात. पावणेपाच मिलिमीटर जाडीच्या उच्च ताकदीच्या गॅल्व्हनाइज्ड पीळतारेची क्षमता सुमारे १,८०० किलो असते, म्हणजे ताण १८० किलो. हाताने ओढून अंदाज घेऊ नका, तो हमखास चुकतो. हाताने चालवायचा तार-ओढा आणि ३०० किलोचा लटकता वजनकाटा एकामागे एक जोडून टर्नबकलला (तार आवळायच्या दुहेरी आट्यांच्या स्क्रूला) समांतर लावा आणि टर्नबकल सैल पडेपर्यंत ओढा. त्या क्षणी काटा दाखवेल तो तारेतला ताण. आधी खालच्या पातळीच्या तिन्ही तारा, मग वरच्या. प्रत्येक फेरीनंतर एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन दिशांनी ओळंबा धरून टॉवर सरळ आहे ना ते बघा. जास्त ताणणेही वाईट, कारण वारा नसतानाही टॉवर उगाच दाबाखाली राहतो. सैल तार त्याहून वाईट. टॉवर आधी हलतो, वेग घेतो आणि मग तारेला हिसका बसतो.

तारेला यू-क्लिप लावत असाल तर एक गोष्ट पाहाच, कारण बऱ्याच टॉवरांवर ती उलटी दिसते. क्लिपचा खोबणीचा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट मोकळ्या, आखूड टोकावर. उलटे लावले तर यू-बोल्ट भाराच्या तारेतच रुततो आणि तिचे पेड चेपतो. फासात थिंबल (तारेच्या वळणाला आधार देणारी धातूची पन्हळ) हवी, क्लिपा किमान तीन आणि त्यांच्यात तारेच्या जाडीच्या सहापट अंतर. ताण आल्यावर तार किंचित बारीक होते, म्हणून काही दिवसांनी सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्या लागतात. शेवटी टर्नबकलच्या पोटातून आणि दोन्ही टोकांच्या डोळ्यांतून तारेचा तुकडा इंग्रजी आठाच्या आकारात ओवून बांधा. वाऱ्याच्या थरथरीने टर्नबकल आपोआप उलगडतात.

प्रश्न: टॉवरचे पाय थेट काँक्रीटमध्ये गाडले तर चालतील का?

उत्तर: चालतील, पण पाय पोकळ असतील तर त्यांची खालची तोंडे काँक्रीटमध्ये बंद होता कामा नयेत. नळीच्या आत दव साचते, पाणी उतरायला वाट नसली की पाय आतून कुजतो, आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसत राहतो. कडक थंडीच्या मुलखात तेच पाणी गोठून नळी उभी फाडते. म्हणून खड्ड्याच्या तळाशी खडीचा थर घाला, पायांची टोके त्या खडीत टेकवा आणि मग काँक्रीट ओता. वरचा पृष्ठभाग जमिनीच्या थोडा वर आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, पायाशी डबके साचू नये. काँक्रीट ओतण्यापूर्वी पहिला तुकडा तिन्ही बाजूंनी तात्पुरता टेकू देऊन ओळंब्यात आणा. तीन मीटरवर १ सेंटिमीटर कलला असेल तर माथ्यावर ५ सेंटिमीटर कलेल. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, तोवर पाणी मारा आणि वर भार चढवायची घाई करू नका.

प्रश्न: टॉवरच्या माथ्यापासून अडीच मीटर वर ५० मिलिमीटर व्यासाच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या पाइपावर यागी (एका दिशेला रोख असलेली अँटेना) लावली होती. वादळात टॉवर शाबूत राहिला, पण पाइप माथ्याशी वाकला. अँटेना फक्त अर्ध्या चौरस मीटर क्षेत्रफळाची. मग असे का झाले?

उत्तर: क्षेत्रफळ कमी होते, पण तरफ लांब होती. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरवरून १५० वर गेलात की दाब सव्वादोन पट होतो. ताशी १५० किलोमीटरला गोल नळ्यांच्या अर्ध्या चौरस मीटरवर सुमारे ६४० न्यूटन जोर येतो. अडीच मीटरवर त्याचे वळण बल १,६०० न्यूटन-मीटर, आणि खुद्द पाइपावर लागणाऱ्या वाऱ्याचे आणखी सुमारे २००. तुमचा पाइप साध्या पोलादाचा असेल तर तो १,५०० च्या आसपास कायमचा वाकतो. तीच अँटेना माथ्यापासून एक मीटरवर असती तर पाइपावर निम्माही भार आला नसता.

आता नवा पाइप घेताना बहुतेक जण जाडी वाढवतात, आणि इथेच चूक होते. ५० मिलिमीटरचाच पाइप ६ मिलिमीटर जाडीचा घेतला तर ताकद सुमारे ३३ टक्के वाढते. पण जाडी ४ च ठेवून व्यास ६० केला तर ५० टक्के वाढते, आणि हा पाइप ६ मिलिमीटरवाल्यापेक्षा हलकाही पडतो. आधी व्यास वाढवा, मग जाडी. अर्थात रोटेटरचा (अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा) क्लॅम्प आणि माथ्याचे बेअरिंग तो व्यास घेतात का, हे खरेदीआधी मोजा. नळाचा पाइप शक्यतो नको. तो आतल्या दाबासाठी बनवलेला असतो, त्याच्या वाकण्याच्या ताकदीची हमी कुणी देत नाही. आणि वाकलेला पाइप ठोकून सरळ करून पुन्हा वापरायचा मोह आवरा. एकापेक्षा जास्त अँटेना असतील तर सगळ्यांत मोठी सगळ्यांत खाली.

प्रश्न: ७ मेगाहर्ट्झसाठी २०.८० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तारेची अँटेना) लावला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा, १ सर्वोत्तम) ६.८५ मेगाहर्ट्झवर सर्वांत कमी येतो, मला ७.१० वर हवा आहे. किती कापू?

उत्तर: लांबी आणि वारंवारता व्यस्त प्रमाणात असतात. २०.८० ला ६.८५ ने गुणून ७.१० ने भागा: २०.०७ मीटर. म्हणजे एकूण ७३ सेंटिमीटर जास्त आहे, दर बाजूला ३६ च्या आसपास. पण लगेच कापू नका. प्रत्येक बाजूची २५ सेंटिमीटर तार टोकाच्या इन्सुलेटरमधून मागे दुमडून मूळ तारेवर घट्ट गुंडाळा, अँटेना पुन्हा पूर्ण उंचीवर चढवा आणि मोजा. खाली हाताशी धरून घेतलेले माप निरुपयोगी, कारण जमिनीजवळ वारंवारता सरकते. प्लॅस्टिकचे आवरण असलेली तार उघड्या तारेपेक्षा दोन-चार टक्के आखूड लागते, तेव्हा पुस्तकातल्या ‘१४३ भागिले मेगाहर्ट्झ’ या सूत्राला सुरुवात समजा, शेवट नाही.

उंचीबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो. या पट्ट्यावर तरंगलांबी ४२ मीटर, त्यामुळे ८-१० मीटरवरचा डायपोल मुख्यतः वर, आकाशाकडे फेकतो. काहीशे किलोमीटरच्या गप्पांना ते उत्तम. दूरचे देश हवे असतील तर उंची अर्ध्या तरंगलांबीजवळ, म्हणजे २१ मीटरकडे न्यावी लागते. तिथे मुख्य झोत क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर येतो.

प्रश्न: पावसाळ्याआधी १४ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर १.८ होता. काहीही न करता तो १.२ झाला. पण आता दूरची स्टेशने ऐकू येत नाहीत. अँटेना सुधारली की बिघडली?

उत्तर: अँटेना बहुधा होती तशीच आहे. कोॲक्समध्ये (अँटेनाकडे जाणाऱ्या, आत तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलमध्ये) पाणी शिरले आहे. ओल्या केबलमध्ये शक्ती जिरते. अँटेनाकडे जाताना काही जिरते, परतणाऱ्या लहरीतली येताना पुन्हा जिरते, आणि खाली मीटरला परतलेले फार कमी दिसते. म्हणून आकडा सुंदर. आपोआप सुधारलेल्या एसडब्ल्यूआरवर कधीही विश्वास ठेवू नये.

खात्री करायला वरचे टोक अँटेनापासून सोडवून मोकळे ठेवा आणि खालून ॲनालायझरने (एसडब्ल्यूआर मोजणाऱ्या यंत्राने) मोजा. ट्रान्समीटर लावू नका. टोक मोकळे असल्याने सगळी लहर परत यायला हवी. आरजी-२१३ जातीची ३० मीटर चांगली केबल १४ मेगाहर्ट्झवर दहाच्या वर एसडब्ल्यूआर दाखवते. तुमच्याकडे ३ आला तर एकेरी मार्गातला ऱ्हास ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती केबलच खाते आहे. मग शेवटचा वीतभर भाग कापून पाहा. तांब्याची जाळी काळी-हिरवी निघाली तर लख्ख जाळी लागेपर्यंत कापत चला. मीटर-दोन मीटर कापूनही काळीच राहिली तर केबल बदला. वाळवून ती परत येत नाही, पाणी केशाकर्षणाने जाळीतून फार दूर गेलेले असते.

नवीन जोडाला पीएल-२५९ हा कनेक्टर असेल तर तो जलरोधक नसतो, हे गृहीतच धरा. जोड पान्ह्याने हलकेच आवळा. वर चांगल्या विनाइल टेपचा एक थर द्या, पुढे कधी जोड उघडताना या थराला दुवा द्याल. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून निम्म्या रुंदीची होईपर्यंत ओढत आणि अर्धी-अर्धी चढवत, जोडाच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत. शेवटी पुन्हा विनाइल, खालून वर गुंडाळत. कौलांसारखा वरचा वेढा खालच्यावर आला की पाणी घसरून जाते, उलट गुंडाळले तर प्रत्येक कडेशी पन्हळ तयार होते. टेपचे शेवटचे टोक ओढून न लावता कापून सैल ठेवा, ताणलेले टोक उन्हात उलगडते. व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन इथे वापरू नका. त्यातल्या आम्लाने तांबे गंजते. जोडाखाली केबलला एक लोंबता वेढा दिला की थेंब तिथून खाली गळतात.

प्रश्न: विजेपासून संरक्षणासाठी रेडिओला घराच्या अर्थिंगपासून वेगळी सळई ठोकली आहे. बरोबर ना?

उत्तर: नाही. अगदी सद्हेतूने केली जाणारी ही सर्वांत घातक गोष्ट. वीज पडली की टॉवरची जमीन आणि घराची जमीन यांच्यात क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो, आणि त्या दोहोंना जोडणारी एकमेव वाट म्हणजे तुमचा रेडिओ: एकीकडे कोॲक्स, दुसरीकडे भिंतीतला प्लग. सगळ्या सळया एकमेकींना आणि घराच्या मुख्य अर्थिंगला जमिनीखालून जाड वाहकाने जोडा, म्हणजे सगळ्यांचे व्होल्टेज एकत्र वर जाईल आणि एकत्र खाली येईल.

टॉवरच्या प्रत्येक पायाला २.४ मीटरची एक सळई, सळयांमध्ये तिच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे सुमारे पाच मीटर अंतर. जवळ ठोकलेल्या सळया एकमेकींच्याच मातीत प्रवाह सोडतात, त्यामुळे खर्च दुप्पट होतो आणि फायदा होत नाही. वाहक सरळ आणि आखूड ठेवा. सरळ तारेचेही प्रेरकत्व मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर वेगाने प्रवाह वाढला तर मीटरमागे १० किलोव्होल्ट उभे राहतात, आणि काटकोनातल्या वळणावर वीज तार सोडून उडी मारते. कोॲक्सची जाळी टॉवरच्या माथ्याशी आणि पायाशी जोडा. घरात शिरण्याआधी एकाच धातूच्या पाटीवर सगळ्या केबली, सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे उपकरण) आणि रोटेटरची वायर आणा, आणि ती पाटी अर्थिंगला. अर्थिंग नसलेला अरेस्टर ही नुसती शोभेची वस्तू. तांब्याची पट्टी जस्त चढवलेल्या पायावर थेट घासू देऊ नका, जस्त खाऊन टाकते. मध्ये स्टेनलेसचा क्लॅम्प घाला.

हे सगळे केले तरी ढग गडगडू लागण्याच्या आधीच केबल बाहेरच्या पाटीवर सोडवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

प्रश्न: ताणाच्या तारा गंजल्या आहेत. एका वेळी एकच तार काढून नवी लावली तर टॉवर धरून राहील ना? वर चढायला कमरेचा पट्टा आहे.

उत्तर: दोन्ही उत्तरे नाही. तीन दिशांपैकी एक तार सोडली की उरलेल्या दोघींची ओढ टॉवरला तिच्या विरुद्ध बाजूला खेचते, आणि त्यात वर माणूस लटकलेला. आधी त्याच उंचीवर, वेगळ्या शॅकलने तिन्ही दिशांना तात्पुरते ताण लावून आवळा, मगच जुनी तार सोडा. आणि वर पाय ठेवण्याआधी प्रत्येक नांगराची (ताणाची तार जिथे रोवली आहे त्या आधाराची) सळई जमिनीत शिरते तिथली माती फूटभर खणून बघा. वर चकचकीत आणि मातीखाली पेन्सिलीएवढी उरलेली सळई अनेकदा सापडते. तशी निघाली तर चढायचेच नाही, क्रेन किंवा माणसाला वर उचलणारी बकेट-गाडी मागवायची.

कमरेच्या पट्ट्याने पडणाऱ्याचा कणा मोडतो किंवा तो उलटा होऊन निसटतो. पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. पडल्यास झेलणारी दोरी पाठीवरच्या कडीला, आणि हात मोकळे करून काम करण्यासाठीची बाजूच्या कड्यांना. या दोन दोऱ्यांची अदलाबदल करायची नाही. चढताना दोन हुक आलटून पालटून लावा, एक कायम अडकलेला. खाली उभ्या असलेल्यांनी हेल्मेट घालून टॉवरच्या सावलीपासून लांब राहायचे. ट्रान्समीटरचा पॉवर सप्लाय प्लगमधून काढून फ्यूज चढणाऱ्याच्या खिशात. जवळून विजेच्या तारा जात असतील तर टॉवर कोणत्याही बाजूला पडला तरी त्यांच्यावर पडणार नाही एवढे अंतर हवेच, साधारण एकूण उंचीच्या दीडपट.

प्रश्न: झाडाला डायपोल बांधायला नायलॉनची दोरी चालेल का?

उत्तर: ओली झाली की ताणली जाते, उन्हात कडक होते, मग अँटेना झोळीसारखी लोंबते. काळा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर घ्या, ६ मिलिमीटर पुरतो. झाडावर कप्पी लावून दोराच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचा डबा किंवा विटा लटकवा. झाड डोलले की वजन वर-खाली होते, तारेवर ओढ येत नाही.