मोठ्या डेटा सेंटरच्या बांधकामात क्वालिटी कंट्रोल कसं सांभाळतात? सिव्हिल इंजिनिअरला तिथे कितपत वाव असतो?

वाव भरपूर आहे. पण क्वालिटीत जाणार असाल तर पगाराच्या आधी एक विचारून घ्या: रिपोर्टिंग कोणाला? प्रोजेक्ट मॅनेजरला (पीएमला) असेल तर जाऊ नका.

आयटीपी (तपासण्यांचा आराखडा), होल्ड पॉइंट (तपासून सही झाल्याशिवाय पुढचं काम थांबतं तो टप्पा), एनसीआर (काम निकषात न बसल्याची नोंद) तुम्हाला माहीत असणारच. इथे वेगळं असतं ते कमिशनिंग, म्हणजे यंत्रणा टप्प्याटप्प्याने चालवून तपासणं. एल१, म्हणजे पहिली लेव्हल, ही कारखान्यातली टेस्ट. तिथपासून चढत एल५ला सगळ्या यंत्रणा एकत्र लोडवर चालवायच्या आणि मेन सप्लाय मुद्दाम तोडायचा. यूपीएस तग धरतो का, जनरेटर लोड घेतात का, चिलर परत उठतात का, ते तेव्हा कळतं.

आमच्या एका साइटवर हँडओव्हरची तारीख डोक्यावर आली होती. लोड बँक (चाचणीसाठी विजेचा लोड देणारी यंत्रं) कमी, म्हणून पीएमचं म्हणणं, ३० टक्के लोडवर थर्मोग्राफी, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी, उरकून घ्या. अहो, विजेच्या सांध्यातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० टक्क्यांवर ती पूर्ण लोडच्या जेमतेम ९ टक्के. त्यात काय डोंबल दिसणार? तर म्हणे, "प्रत्येक बोल्टवर टॉर्क मार्क (नीट आवळल्याची रेघ) आहे, अजून काय पाहिजे?" वर भर मीटिंगमध्ये ऐकवलं, "क्यूसीला (क्वालिटी कंट्रोलला) काम अडवायचाच पगार मिळतो." मी सही केली नाही.

शेवटी भाड्याने आणखी लोड बँक आल्या. पूर्ण लोड दिला, तापमान स्थिर होऊ दिलं आणि मग कॅमेरा फिरवला. बसडक्टचे (मोठा करंट नेणाऱ्या पट्ट्यांच्या बंद नळीचे) सगळे सांधे एका रंगात, कॉलमजवळचा एक पांढराफटक. सप्लाय बंद करून, अर्थिंग लावून तो उघडला. नट-वॉशरवरची लाल रेघ शाबूत, टॉर्कही बरोबर. आत मात्र कॉन्टॅक्टच्या पट्टीवर जिप्समची भुकटी आणि कडेला तांबं काळवंडलेलं. सांधे जोडले जात होते तेव्हा त्याच हॉलमध्ये पार्टिशनचं सँडिंग चालू होतं. दोन्ही कामं एकदम चालवायची परवानगी कोणी दिली, ते सांगायला नकोच.

सिव्हिलवाल्याचं काम नेमकं इथे येतं. छताची पाँडिंग टेस्ट (पाणी साठवून गळती बघणं), धूळ न सुटणारी जमीन, पॅनलच्या प्लिंथची (चौथऱ्याची) लेव्हल हे सगळं यंत्रं आत येण्याआधी संपलं पाहिजे. फायरस्टॉपिंग, म्हणजे आग पसरू नये म्हणून भिंतीतली भोकं सील करणं, तर पुन्हापुन्हा बघावं लागतं. आज सील केलेल्या भोकातून उद्या कोणीतरी आणखी एक केबल ओढतो आणि फोटो मात्र जुनाच फाइलला राहतो.

सगळे पीएम असे नसतात, हेही खरं. यंत्रं उशिरा आली तरी हँडओव्हरची तारीख हलत नाही, शिव्या त्यालाच बसतात. मोठे क्लायंट स्वतंत्र कमिशनिंग एजंट (चाचण्यांवर देखरेख करणारा तज्ज्ञ) नेमतात, तिथे क्यूसीवरचा दबाव बराच कमी असतो. आणि पीएमखालीच काम करायची वेळ आली, तर क्यूसीच्या सहीशिवाय होल्ड पॉइंट सुटणार नाही, एवढं क्वालिटी प्लॅनमध्ये लिहून घ्या.

व्यवस्थापनाचं म्हणाल, तर ट्रान्सफॉर्मर, जनरेटर आणि स्विचगिअरच्या (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॅनलच्या) डिलिव्हरीभोवती बाकीचं शेड्यूल रचतात. पुढचं एखाद्या पीएमला विचारा.