ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरला नेटवर्क नीट लागत नाही, आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला जीएसटी आणि अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे. विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला म्हणून विंडोज ११चा नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्याच्याच जागी, जुन्याच केबलला जोडला. आता इंटरनेट कधी चालतं, कधी 'नो इंटरनेट' येतं, आणि टॅलीचा डेटा ज्या मशीनवर आहे ती तर उघडतच नाही. बाकीच्या टेबलांवर सगळं सुरळीत. दुकानदार म्हणतो नेटवर्क बघा, इंटरनेटवाला म्हणतो आमची लाइन ओके आहे, कॉम्प्युटर बघा.

फोंडा, डिचोली, म्हापसा या भागातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्क लावणं आणि सांभाळणं हेच माझं काम. अशा तक्रारीत नवं मशीन खरोखर बिघडलेलं क्वचितच निघतं. नेटवर्कमध्ये एखादी खोट आधीपासून असते, जुन्या मशीनला ती चालून जात असते, नव्याला चालत नाही. म्हणून मशीन परत द्यायची घाई करू नका. राउटरच्या मागे रीसेटचं बारीक भोक असतं, त्यातही टाचणी घालू नका. इंटरनेटवाल्यानं भरून दिलेलं युजरनेम-पासवर्ड त्यानं पुसलं जाऊ शकतं आणि मग सगळं ऑफिस बंद. २० तारखेला जीएसटीचं मासिक रिटर्न, थ्रीबी भरायची असताना ही पाळी कुणावरच येऊ नये. विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट'ही आत्ता राहू द्या. आणि काहीही झालं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं सुधारलं तेच कळत नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे. शेजारच्या टेबलावरचा व्यवस्थित चालणारा कॉम्प्युटर बंद करा, त्याची केबल काढा आणि नव्याला लावा. नवं मशीन तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या केबलचा, भिंतीतल्या सॉकेटचा किंवा स्विचच्या (सगळ्या टेबलांच्या केबली जिथे जोडतात तो डबा) त्या पोर्टचा. तिथेही तेच रडगाणं असेल तर पत्त्याचा (आयपी, म्हणजे नेटवर्कमधला मशीनचा नंबर) किंवा सेटिंगचा. एवढ्यानंच अर्धं काम होतं.

केबलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत तो मोठाच विषय आहे. गेल्या पावसाळ्यात डिचोलीतल्या एका ऑफिसात अगदी तुमच्यासारखीच तक्रार होती. चिऱ्याची जुनी भिंत, खाली जमिनीलगत ओल चढलेली, आणि सॉकेट नेमकं तिथेच. प्लग बाहेर काढून मोबाइलच्या टॉर्चखाली धरला. त्यात आठ सोनेरी पट्ट्या असतात, त्यांतल्या सहा चकचकीत होत्या आणि शेवटच्या दोन हिरव्या पडून फुगलेल्या. जुन्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएसचं होतं. त्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, त्यामुळे बाकीच्या तारा सडल्या तरी कुणाला पत्ता लागला नव्हता. नव्या मशीनचं कार्ड गिगाबिटचं, म्हणजे १००० एमबीपीएसचं, त्याला आठही तारा लागतात. ते आणि स्विच दोघं मिळून गिगाबिटचा वेग धरायला जायचे, जोडणी तुटायची, पुन्हा धरायला जायचे. लिंकचा दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. प्लग कापून नवा क्रिंप केला (पकडीनं दाबून बसवला), सॉकेट बदललं, काम झालं.

तुमच्याकडे हेच आहे का, ते बघणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'इथरनेट' उघडा. तिथे 'लिंक स्पीड' दिसेल. स्विच गिगाबिटचा असूनही तिथे १०००च्या जागी १०० दिसत असेल किंवा जोडणी सारखी येत-जात असेल, तर केबलवर संशय घ्या. खात्री करायची असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'स्पीड अँड डुप्लेक्स' असतं, ते तात्पुरतं '१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स' करून पाहा. जोडणी लगेच स्थिर झाली तर दोष बहुधा केबलचा. पण खात्री झाल्यावर ते पुन्हा 'ऑटो'वर न्या. तसंच ठेवलं तर समोरचा स्विच पुष्कळदा हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकाच दिशेनं बोलणं) जातो आणि नेटवर्क विनाकारण रखडतं. नवी केबल घेताना शुद्ध तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ मागा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण ओलीत ती लवकर दगा देते. मेच्या अखेरीस वीज कडाडून गेल्यावर स्विचचा एखादा पोर्ट अर्धमेला होतो, म्हणून पोर्टही बदलून पाहा.

केबल ठीक निघाली तर पत्त्याकडे वळा. स्टार्टवर सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि तिथे आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि ऑल, असं इंग्रजी अक्षरांत लिहा. हेच एका चालणाऱ्या मशीनवर करा आणि दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून वाचा. मी कुठेही गेलो की पहिल्यांदा हेच करतो, कारण बाकी सगळे अंदाज असतात आणि हे लेखी असतं.

'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' १६९.२५४ने सुरू होत असेल तर अर्थ एकच: मशीननं पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून विंडोजनं स्वतःच एक लावून घेतला. केबल खरंच ठीक असेल तर मग राउटरकडचे पत्ते संपलेत का ते बघा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'डीएचसीपी' (पत्ते वाटणारी सोय) असतं, तिथे किती पत्ते वाटायचे ते ठरलेलं असतं. कुणीतरी कधीतरी ते वीसवर आणून ठेवलेलं असतं. पाच कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, प्रत्येकाचा मोबाइल, आणि रिटर्न भरायला आलेले क्लायंट वायफायचा पासवर्ड मागतात त्यांचे मोबाइल. माणूस निघून गेला तरी त्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत अडकलेला राहतो आणि पुष्कळ राउटरमध्ये ही मुदत २४ तासांची असते. पत्त्यांची संख्या वाढवा आणि क्लायंटसाठी वेगळं गेस्ट वायफाय ठेवा.

पत्ता १९२.१६८ने सुरू होतोय आणि तरीही कधी चालतं कधी नाही, असं असेल तर दोन शक्यता आहेत. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हीच बाजू जास्त खरी वाटते.

पहिली म्हणजे एकाच घरनंबरावर दोन बिऱ्हाडं. प्रिंटरला किंवा डीव्हीआरला कुणीतरी हातानं पत्ता ठरवून दिलेला असतो आणि राउटर नेमका तोच नव्या मशीनला देऊन बसतो. नव्या मशीनची केबल काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच पत्त्याला पिंग करा (काळ्या खिडकीत पिंग, जागा सोडून तो पत्ता; समोरून उत्तर येतं का ते कळतं). मशीन जोडलेलंच नाही आणि तरी उत्तर येतंय, म्हणजे तिथे दुसरं कुणीतरी बसलंय. काही उपकरणं पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून पिंगनंतर लगेच एआरपी, जागा सोडून आडवी रेघ आणि ए, अशी कमांड द्या. त्या यादीत तो पत्ता नव्या मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेसहून (कार्डाचा स्वतःचा नंबर, पहिल्या फोटोत 'फिजिकल अ‍ॅड्रेस') वेगळ्या मॅकसकट दिसला तर चोर सापडला.

दुसरी शक्यता छोट्या ऑफिसात फार आढळते. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही (चिऱ्याच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल लवकर मरतो), म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणून मधे जोडतो. आता पत्ते वाटणारे दोघं झाले. जुन्या मशीनना मुख्य राउटरचा पत्ता मिळालेला असतो, त्या तोच पुढे चालवत राहतात. नवं मशीन पत्ता मागतं तेव्हा जो आधी उत्तर देईल त्याचा घेतं. तुमच्या दोन फोटोंमध्ये 'डीएचसीपी सर्व्हर' (पत्ता कुणी दिला) आणि 'डिफॉल्ट गेटवे' (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) या ओळी बघा. एकावर १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.१ असं काही दिसलं तर दुखणं तिथेच आहे. टॅलीचं मशीन का दिसत नाही तेही यानंच उलगडतं, कारण दोघं वेगवेगळ्या नेटवर्कात बसलेत. त्या जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वाटपाबाहेरचा एक पत्ता द्या, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेटच्या लाइनसाठीचा) न लावता लॅन पोर्टात (कॉम्प्युटर जोडायचा) लावा. मग तो नुसता वायफाय देणारा डबा राहील, तेवढंच त्याचं काम.

गेटवेला पिंग होतं, ८.८.८.८लाही (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता) होतं, पण वेबसाइटच्या नावानं काही उघडत नाही, असं असेल तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय बघा. हातानं भरलेलं काही असेल तर काढून 'ऑटोमॅटिक' करा. नव्या मशीनबरोबर ट्रायलचं अँटिव्हायरस आलं असेल तर त्याची फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहा. तारीख-वेळही एकदा तपासा, ती चुकली की बँकेची आणि जीएसटीची पोर्टल उघडत नाहीत.

आता टॅली. इंटरनेट सुधारलं तरी हे वेगळं राहू शकतं. विंडोज ११ नव्या जोडणीला 'पब्लिक नेटवर्क' मानतं. आधी सांगितलेल्या इथरनेटच्याच पानावर ते 'प्रायव्हेट' करा. टॅलीच्या मशीनवरही तेच बघा. मग फाइल एक्स्प्लोररच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन टॅलीच्या मशीनचा आयपी पत्ता लिहा. 'नेटवर्क'च्या चित्रात नाव दिसत नाही म्हणून अडून बसू नका, ती यादी भरवशाची नसते.

तरीही दार उघडलं नाही आणि गेस्ट अ‍ॅक्सेस ब्लॉक केलाय अशा अर्थाचा संदेश आला, तर कारण असं. तुमचं फोल्डर बहुधा पासवर्डशिवाय सगळ्यांना खुलं आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो एडिशन असा बिनपासवर्डचा प्रवेश घेतच नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांत) बदल करून तो चालू करा, एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) परत टाका, असे सल्ले तुम्हाला खूप मिळतील. कृपा करून ऐकू नका. २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो एसएमबी १मधल्याच भगदाडातून, आणि तुमच्या त्या फोल्डरात लोकांचे वर्षावर्षांचे हिशेब आहेत. टॅलीच्या मशीनवर पासवर्ड असलेलं एक लोकल अकाउंट तयार करा, फोल्डरच्या शेअरिंगमध्ये त्यालाच परवानगी द्या आणि नव्या मशीनवर ते नाव-पासवर्ड एकदा भरून 'रिमेंबर'वर टिचकी मारा. इथे पिन चालत नाही, अकाउंटचा पासवर्डच लागतो. यावर बरेच जण अडकतात. शिवाय राउटरमध्ये टॅलीच्या मशीनचा आणि प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे उद्या वीज जाऊन आली तरी तो बदलणार नाही.

हे सगळं करूनही नवं मशीन चालत्या केबलवर १६९.२५४च दाखवत राहिलं, तर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा आणि मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर उतरवून टाका. त्यानंही भागलं नाही तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर मागून आणून त्याच केबलवर लावा. त्यावर नेट चाललं तर मशीनमधलं कार्डच खराब आहे. मग दोन्हींचे फोटो घेऊन दुकानदाराकडे जा आणि वॉरंटीत बदलून मागा.