क्रीडा प्रश्नोत्तरे : बेसबॉलचे वार्तांकन

प्रश्न : नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर मी क्रिकेटचे स्कोअरिंग करतो. अमेरिकेतले काही वार्ताहर आयुष्यभर बेसबॉलवरच लिहितात. त्यांची जडणघडण कशी होते? मला मराठीत बेसबॉलवर लिहायचे आहे. (पंचवटी)

उत्तर : तुमच्या हातात स्कोअरबुक आहे, हीच मोठी जमेची बाजू. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) रुजवणारा हेन्री चॅडविकही मुळात इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि क्रिकेटच्या बातम्या देणारा.

आधी क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठ करा. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड ७, ८, ९. '६-४-३' लिहिले की शॉर्टस्टॉपने चेंडू अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद, हे सगळे आले. हा चेंडूचा प्रवास नोंदवला नाही, तर रात्री बातमी लिहायला हाती काहीच उरत नाही.

क्रिकेटवाल्यांची हमखास चूक होते ती पिचरच्या आकड्यांत. एका इनिंगमध्ये तीन बाद असतात, म्हणून ६.१ इनिंग म्हणजे ६ इनिंग आणि १ बाद, म्हणजेच सहा पूर्णांक एक तृतीयांश. ६.१ षटके म्हणजे ६ षटके १ चेंडू, तसेच हे. त्यात २ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावा) दिले असतील, तर २ गुणिले ९ भागिले ६.३३, म्हणजे दर नऊ इनिंगमागे सरासरी २.८४. कॅल्क्युलेटरवर ६.१ दाबले तर २.९५ येते आणि बातमी चुकते. क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे झालेली धाव अर्न्डमध्ये धरत नाहीत, हेही विसरू नका.

एका संघामागे फिरणाऱ्या वार्ताहराला हंगामात १६२ सामने असतात, निम्मे परगावी. सामन्याआधी काही तास मैदानावर पोहोचायचे, खेळाडूंशी बोलायचे. सामना चालू असतानाच बातमीचा मधला भाग लिहून ठेवायचा, इंट्रो (बातमीची सुरुवात) शेवटी. नवव्या इनिंगमध्ये निकाल फिरला तर इंट्रो बदलावा लागतो, म्हणून मधल्या भागात कोण जिंकतेय याचा उल्लेखच ठेवत नाहीत. मुरलेला वार्ताहर ओळखावा तो इथेच.

न्यूयॉर्कचा संध्याकाळी ७ चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. रोज एक सामना पूर्ण नोंदवा आणि नोंदीवरूनच २०० शब्द लिहा. अधिकृत बॉक्स स्कोअर नंतर पडताळा, आधी नको.

प्रश्न : बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंच्या सन्मान यादीसाठी) पत्रकार मत देतात म्हणे? (सिडको, नाशिक)

उत्तर : हो. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिकेचे सलग १० वर्षे सदस्य असलेल्यांना मत मिळते. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त १० नावे, निवडीला ७५ टक्के मते लागतात. प्रत्यक्ष वार्तांकन सोडून १० वर्षांहून अधिक काळ लोटला, की हा हक्क जातो.